लिफ्टमनची बायको चालू लागते

तीर्थरूप वन्संना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. एरवी मी साष्टांग लिहिते, पण सध्या पालथं पडायला डॉक्टरांची मनाई आहे, आणि जे करता येत नाही ते नुसतं लिहायचं हे मनाला पटेना. वाकणं मात्र अगदी खरं आहे. पोटाचे टाके ताणू नयेत म्हणून ऑपरेशननंतर बरेच दिवस मला कमरेत वाकूनच चालायला सांगितलं होतं, त्यामुळे त्या काळात मी दूधवाल्यापासून जिन्यातल्या मांजरापर्यंत सगळ्यांशी नम्र होते. त्यातला तुमचा वाटा तुम्ही धरून घ्यावा. तुमचा रक्तदाब, तुमची झोप आणि समोरच्या बाईंशी गच्चीतल्या वाळत घालायच्या दोरीवरून चाललेलं तुमचं भांडण, सगळं व्यवस्थित चालू असेल अशी आशा आहे. (भांडण मिटलं असेल तर कळवू नका, मला चुकल्यासारखं होईल.)

परवा फोनवर तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि मी दोन्ही वेळा "हो हो, बरं आहे" एवढंच म्हणाले. त्याचं कारण तुमचे भाऊ माझ्या खांद्याशी उभे राहून माझा श्वास मोजत होते. आज ते केस कापायला गेलेत. न्हाव्याकडे गर्दी असेल तर पत्र सविस्तर होईल, नसेल तर तुम्ही समजून घ्या.

पहिला प्रश्न, या वयात पोट सपाट करून कुणाला दाखवायचं आहे. वन्सं, कुणालाच नाही. आजारपणात माझं वजन उतरलं ते तुम्ही पाहिलंतच. वजन गेलं, पण कातडी गेली नाही. गादी लहान झाली आणि खोळ तेवढीच राहिली. मी जन्मभर बायकांचे ब्लाउज आणि झगे शिवले. कुणाचं पोट कुठल्या चुण्यांत लपवायचं, कुणाची कंबर कुठल्या टाचणीने आत घ्यायची हे मला झोपेतही जमतं, पण स्वतःपुढे मात्र मी हात टेकले होते. मशीनवर बसले की ती घडी मांडीवर यायची, आणि मला कापडाशी हातभर अंतर ठेवून शिवावं लागायचं. एखादा कपडा गिऱ्हाइकाला सैल झाला तर मी काय करते? जादा कापड कापते आणि पुन्हा टीप मारते. सर्जनबाईंनी तेच केलं. (शिवण मी आरशात नीट निरखून पाहिली. हात चांगला आहे. डाव्या टोकाला जरा ओढलंय, पण ते मी त्यांना बोलले नाही, कारण पुन्हा उसवायला कोण बसणार.) आता मी मशीनला चिकटून बसू शकेन आणि आरशासमोर श्वास न रोखता उभी राहू शकेन. मला एवढंच हवं होतं, ते मिळालं, आणि मी खूश आहे.

दुसरा प्रश्न मोठा आहे. तुम्ही म्हणालात, माझ्या भावाने तुला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, तरी पायाचं ते प्रकरण झालंच कसं? वन्सं, लहान तोंडी मोठा घास होतोय, पण ते जपल्यामुळेच झालं. निम्मं जपल्यामुळे. उरलेलं निम्मं माझ्या हातांमुळे, ते पुढे सांगते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. (सर्जन म्हणजे आपल्याला कुणीतरी भारदस्त वाटतं. ह्या तुमच्या धाकट्या लेकीच्या वयाच्या, पायात रबरी बूट, आणि बोलताना पेन कानावर खोचणार.) त्या म्हणाल्या, पोटाची काळजी मी घेते, तुम्ही पायांची घ्या. मला वाटलं, ऑपरेशन पोटाचं, मधे पाय कुठून आले? तर असं आहे, की मोठ्या ऑपरेशननंतर माणूस पडून राहिला की पायातलं रक्त सुस्तावतं. सुस्तावलेलं रक्त गोठतं, पोटरीत गुठळी होते, आणि ती गुठळी तिथून सुटून वर छातीत जाऊन अडकली तर माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून घरी गेल्यावर लोळायचं नाही. थोडं थोडं, पण दिवसातून पुष्कळदा चालायचं. बसल्या जागी पावलं वर-खाली हलवत राहायची. पाणी भरपूर प्यायचं. त्यांनी दिलेले घट्ट पांढरे मोजे पायात ठेवायचे. आणि एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखली किंवा एकाएकी दम लागला तर कुणाला विचारत न बसता थेट दवाखान्यात यायचं. पावलं वर-खाली कशी करायची हे त्या करून दाखवायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, हे पायमशीनवर पाय मारल्यासारखं आहे, मोटर बसवण्याआधी मी हाच धंदा केला.

हे सगळं तुमच्या भावांनी ऐकायला हवं होतं. ते ऐकायला बसलेही होते. पण सर्जनबाईंनी तोंड उघडलं आणि बाहेर लिफ्टची घंटा वाजली. आता उभं आयुष्य ज्याने नऊ मजली इमारतीत लिफ्ट चालवली त्याच्या कानाला ती घंटा म्हणजे काय असते ते तुम्हाला सांगायला नको. "आलोच" म्हणून उठले ते तिकडेच रमले. परत आले तेव्हा सर्जनबाईंचं सांगून झालं होतं आणि ह्यांच्या चेहऱ्यावर सुतक होतं. त्या लिफ्टमध्ये लिफ्टमनच नाही, लोक स्वतःच बटण दाबतात आणि एकमेकांकडे न बघता वर जातात, ह्याचं दुःख ते मला माझ्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बराच वेळ ऐकवत होते.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यात मला चालवायला नर्स होती. पायांना हवेच्या पट्ट्या बांधलेल्या, त्या आपोआप फुगायच्या आणि पोटऱ्या दाबून सोडायच्या. (तुमच्या भावांनी लग्नानंतर एकदा माझे पाय दाबले होते, त्यानंतर एवढं सुख ह्या पट्ट्यांनीच दिलं.) मग मला घरी सोडलं आणि मी तुमच्या भावांच्या ताब्यात आले.

वन्सं, निवृत्त झाल्यापासून हे कसे झाले होते ते तुम्ही लांब असल्यामुळे पाहिलं नाहीत. दाढी चार दिवसांनी. जेवण अर्धं. दिवसभर दारात उभे, आणि कुणी आत आलं की एक पाऊल मागे सरून त्याला जागा करून द्यायचे, मग आपण का उभे आहोत ते त्यांनाच कळायचं नाही. मी दुकानात, मशीनवर. मला दिसत होतं, पण काय करावं ते सुचत नव्हतं. आणि मी घरी आले त्या सकाळी बघते तर काय, गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, पलंग खिडकीशी सरकवलेला, उशाशी तांब्या, पेला, आणि एक घंटी. मी घंटी वाजवायची, हे हजर. तुम्हीही त्याच दिवशी फोन करून त्यांना सांगितलंत, की तिचा पाय जमिनीला लागू देऊ नकोस. ते वाक्य त्यांनी शिरसावंद्य मानलं. तुमचं ते कधी मोडत नाहीत, माझंही नाही, पण तुमचं आधी आलं.

आणि त्यांनी पाय खरोखरच जमिनीला लागू दिला नाही. माझ्या दुकानातली चाकांची खुर्ची घरी आणली. तिच्यावर मला बसवायचं, मागे उभं राहायचं आणि घरभर फिरवायचं. मोरीशी आलं की "मोरी" म्हणायचं आणि दाराची कडी काढून बाजूला व्हायचं. स्वयंपाकघर आलं की "स्वयंपाकघर". एकदा तर अर्ध्या वाटेत थांबले, दार धरून ठेवलं, आणि वाट बघू लागले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, सवयीने वाटलं अजून कुणी यायचं आहे.

हसू नका. मला त्यांना चालण्याचं सांगता येत होतं, एका वाक्यात. दररोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगायचं. आणि हे चहाचा कप घेऊन आत यायचे, कप बशीत जराही न हिंदकळता, आणि उशी पाठीमागे सरळ करून विचारायचे, "ठीक?" तो चेहरा बघून माझी जीभच उचलायची नाही. कुणाला पाय उचलावा लागू नये हेच ज्याचं जन्मभराचं काम, त्याला ते काम पुन्हा मिळालं होतं. ते मी कसं काढून घेऊ? म्हणून मी दुसरा मार्ग काढला आणि माझ्याच घरात चोरासारखं चालू लागले. ह्यांना अमुक रंगाचा दोरा आणायला पाठवायचे, जो रंग कुठेच मिळत नाही हे मला माहीत, आणि हे बाहेर पडले की कमरेत वाकून, भिंत धरून, कापायच्या टेबलाभोवती फेऱ्या. पण तुमचे भाऊ मेहनती. जो दोरा मला माझ्या उभ्या धंद्यात कधी मिळाला नाही तो त्यांनी पहिल्याच फेरीत आणला, आणि धावत आणला, मी एकटी आहे म्हणून. म्हणजे चालणं जेमतेम, बसणं भरपूर. बसल्या जागी पावलं हलवायचे तर हे पांघरूण नीट करायचे, थंडी वाजतेय समजून.

आता माझ्या हातांचं पाप. ते पांढरे मोजे. वन्सं, मला बेढब कपडा सहन होत नाही. घोट्याशी आवळलेले, पोटरीशी अजून आवळलेले, कातडीवर शिवणीचा वळ. माझी खात्री झाली की दवाखान्यात माप घेणाऱ्याचं चुकलंय. (मापं घेणाऱ्यांविषयी माझं मत तुम्हाला ठाऊक आहे.) आवळणं हेच त्या मोज्यांचं काम, त्या दाबानेच रक्त वर ढकललं जातं, हे सर्जनबाईंनी सांगितलं होतं. मी ते ऐकलंही होतं. पण कापड हातात आलं की माझे कान बंद होतात. एका दुपारी हे दोरा आणायला गेले असताना मी डाव्या मोज्याची मागची शिवण ब्लेडने उसवली आणि आत मऊ सुती कापडाची लांबट कळी, म्हणजे जोडपट्टी, घातली. काय सुंदर बसली म्हणून सांगू. पाय मोकळा झाला. पण मोजा खाली घसरायला लागला. मग वरच्या कडेला मी चांगलं जाड इलॅस्टिक घातलं, दुहेरी. उजवा मोजा दुसऱ्या दिवशी करणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डावा पाय जड वाटला. पांघरूण काढलं, दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले, आणि डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून उशाखालची टेप घेऊन मोजले. (हो, उशाखाली टेप असते.) डावी पोटरी उजवीपेक्षा बोटभर मोठी. बोटभर म्हणजे माझ्या धंद्यात कपडा परत येतो. मी घाबरले, वन्सं. मला ते सगळं आठवलं, सुस्तावलेलं रक्त, पोटरी, छाती, आणि वाटलं, पोटाच्या एका घडीसाठी मी हे काय करून बसले. ह्यांच्या दाढीकडे बघत गप्प बसले आणि आता तीच दाढी माझ्या मागे पुन्हा वाढणार. मी घंटी वाजवली. हे आले. मी म्हटलं, "अहो, मला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, आणि खुर्ची नको."

गाडीत माझा पाय त्यांनी मांडीवर धरला होता. दवाखान्यात पोटरीवर गार चिकट काहीतरी लावून यंत्र फिरवलं. एका अंधाऱ्या खोलीत मी झोपलेली, ह्यांचा हात माझ्या हातात, आणि सर्जनबाई पडद्याकडे बघता बघता अगदी सहज विचारतात, काका, काकू दिवसातून किती चालतात? आणि वन्सं, तुमचे भाऊ ताठ उभे राहिले आणि अभिमानाने म्हणाले, "एक पाऊलही नाही. मी टाकूच दिलं नाही."

सर्जनबाईंनी कानावरचं पेन काढलं आणि त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. रागावून नाही, शांतपणे सांगितलं. मी ह्यांचा चेहरा बघत होते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की आत जसे चेहरे होत असतील तसा तो झाला. त्यांनी माझा हात सोडला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. तेवढ्यात पडद्यावरची तपासणी संपली. गुठळी नव्हती. दोन्ही पायांत रक्त नीट वाहत होतं. माझा जीव भांड्यात पडला, ह्यांचा नाही. मग पाय सुजला कशाने? नर्सबाईंनी पलीकडे काढून ठेवलेला मोजा उचलला, उलटा केला, कळी पाहिली, वरचं दुहेरी इलॅस्टिक ताणून पाहिलं, आणि सर्जनबाईंसमोर धरला. जिथे दाब हवा तिथे मी सैल केलं होतं आणि जिथे नको तिथे दावं बांधलं होतं. त्या दाव्याखाली पाय फुगणार नाही तर काय. नर्सबाई म्हणाल्या, इतकी सफाईदार कळी मी कधी पाहिली नाही, आणि मोजा केराच्या डब्यात टाकला. नवीन जोडी देताना त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं की घरातलं ब्लेड ह्यांच्याकडे राहील.

म्हणजे पाहा, दोष दोघांचा निघाला, त्यामुळे कुणी कुणाला बोलायची सोयच राहिली नाही. संसारात अशी बरोबरी आम्हाला पहिल्यांदाच मिळाली. घरी जिन्याशी आलो तेव्हा मी म्हटलं, मला सांगायला हवं होतं, मी तुमच्या दाढीसाठी गप्प बसले. त्यांनी माझा हात कठड्यावर ठेवला. मग म्हणाले, "चल. पायरी."

तेव्हापासून मला चालवायचं खातं त्यांच्याकडे आहे, आणि ते तुमच्या घराण्याला शोभेल अशा कडकपणे चालवतात. आधी खोलीत, मग व्हरांड्यात, मग खालच्या रस्त्यावर. हे अर्धं पाऊल मागे, हात माझ्या कोपराशी, पण न धरता. वाटेत "न्हावी", "पतपेढी", "बाक" असं सांगत जातात, आणि बाक आला तरी बसू देत नाहीत. मी खुर्चीत बसले की "पाय मार" म्हणतात, पायमशीनवर मारतात तसे. दोघांपैकी चालायची सवय कुणालाच नव्हती. ते जन्मभर चौकोनी पेटीत उभे, मी जन्मभर मशीनवर बसलेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण शेजारी शेजारी चाललो असू ते वरातीत, आणि तीही लहान होती.

आणि वन्सं, ते बोलतात. घरात जेवताना "मीठ" एवढंच बोलणारा माणूस रस्त्यावर बोलतो. लिफ्टमधल्या गोष्टी सांगतात. पण त्यांच्याकडे सगळ्या गोष्टी अर्ध्याच आहेत, कारण लोकांचा मजला आला की ते उतरून जायचे. एक हिशेबनीस तिसऱ्यापासून सहाव्या मजल्यापर्यंत रोज आपल्या साहेबाला राजीनामा द्यायचं ठरवायचा, पुढे काय झालं ते माहीत नाही. एक बाई कुणाला तरी सांगत होती, की तो परत आला तर मी दार उघडणार नाही, आणि पाचवा मजला आला. उभ्या आयुष्याच्या अर्ध्या गोष्टी ह्या माणसाने जपून ठेवल्यात. ते अर्धी सांगतात आणि उरलेली मी जुळवते. कधी त्यांना माझा शेवट पटत नाही, मग पतपेढीपासून बाकापर्यंत आम्ही भांडतो. हिशेबनिसाने राजीनामा दिला असं माझं मत, ह्यांचं म्हणणं तो अजून वर-खाली करतोय. परवा मी पहिल्यांदा पूर्ण ताठ उभी राहिले. ह्यांनी मला वर-खाली पाहिलं आणि विचारलं, तू उंच झालीस का? पोटाविषयी त्यांनी आजवर दिलेलं हे एकमेव मत.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. आता पाय उत्तम, शिवण उत्तम, सूज नाही. तुम्ही पुढच्या आठवड्यात माझं करायला येणार म्हणता, जरूर या, मोठ्या खोलीतला पलंग तुमचाच आहे. फक्त आल्या आल्या मला आडवं करू नका. जिन्यात ह्यांची चाहूल लागली, न्हाव्याने लवकर सोडलेलं दिसतंय, म्हणून आटोपतं घेते.

आपली,
तुमच्या भावाची पेशंट

ता. क. १. मोज्यात कळी घातल्याचं दोरीवाल्या बाईंना सांगितलंत तरी चालेल, पण कळी सफाईदार होती हेही सांगा.

ता. क. २. तुमचा तो निळा झगा आणा, काखेत काचतो म्हणत होतात. ह्यांच्याकडून ब्लेड मागून घेईन.

ता. क. ३. हे खाली न्हाव्याच्या मुलाशी बोलत थांबलेत, तेवढ्यात मुख्य गोष्ट लिहिते. गेल्या खेपेला हे माझी पाण्याची बाटली भरायला गेले असताना सर्जनबाई म्हणाल्या, काकू, आता सगळं झालं, मोजे काढा, दुकान उघडा, आणि आता बरोबर कुणी लागत नाही, एकट्या खुशाल हिंडा. मी ह्यांना सांगितलं की अजून दोन महिने रोज संध्याकाळी चालायचंच आहे, आणि शेजारी माणूस हवाच. तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला खोटं बोलायला सांगणं मला शोभत नाही. पण इथे आल्यावर संध्याकाळी हे तुम्हाला म्हणतील, ताई, तूही चल आमच्याबरोबर फिरायला. तेव्हा तेवढं गुडघे दुखतात म्हणा.